विचारून चालणारी बाई

आमच्या ऑसलबरीत उर्मट माणूस औषधालाही सापडायचा नाही, एक सिरिल ग्रिंडल सोडला तर. सिरिलकडे येऊच. पण सभ्यपणाची कमाल बघायची असेल, तर ड्युल्सीबाई हॉब्डेंना गाठावं. भर बाजारात खांबाला धडकल्या, तर त्या खांबाला ‘माफ करा हं’ म्हणतात. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार आम्ही सगळेच मानतो. ड्युल्सीबाई त्याच्या बायकोच्या पाठदुखीचीही चौकशी करतात आणि मागे रांग ताटकळते. कोणी कुरकुरलं, तर रांगेचीही माफी मागतात, म्हणजे आणखी खोळंबा.

बाईंचं अर्धं आयुष्य चीज विकण्यात गेलं. गुरुवारच्या बाजारात, चौकातल्या दगडी क्रूसाशेजारी त्यांचं दुकान लागायचं. नवरा, लेन, तारेने चीज कापायचा आणि बाई बोलायच्या. लेन अकाली गेला. एकटीला ते जडजड गोळे उचलेनात, म्हणून जागा दुसऱ्याला देऊन टाकली. पण गुरुवार उजाडला की पाय आपोआप चौकाकडे वळायचे. हातात काम नाही, पिशवीत काही घ्यायचं नाही, नुसत्या उभ्या राहायच्या आणि आल्यागेल्याला गाव दाखवायच्या. शेवटी पाहुण्यांच्या चौकशी कार्यालयातल्या पोरीच म्हणाल्या, "ड्युल्सीबाई, नाहीतरी तुम्ही दिवसभर हेच करता, मग रीतसर करा ना. फलक आम्ही लावतो."

अशी गुरुवारची फेरी सुरू झाली, त्याला आता दोन तपं उलटून गेली. क्रूस, मग चर्चचा वाकडा मनोरा, मग जुन्या काळी दारुडे कोंडायची दगडी खोली. तिच्यात शिरून फोटो काढल्याशिवाय कुठलाही पाहुणा पुढे सरकत नाही, आणि सगळ्यांत गंभीर दिसणारा गृहस्थच सगळ्यांत आधी शिरतो. तिथून चर्चच्या मागे जायचं, कुंपणाच्या दोन पायऱ्या चढून पलीकडे उतरायचं, टँडी नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणातून नदीवाटेने खाली, आणि मग तो जुना पूल. ओझ्याच्या घोड्यांचा पूल तो, जेमतेम एका घोड्यापुरता रुंद, कठडे गुडघ्याइतके. पूल ओलांडला की गिरणीत चहा. आमच्याकडे म्हणतातच, पूल न बघता जो गेला तो ऑसलबरीला आलाच नव्हता.

ही नदीवाट म्हणजे कुरणातून पायांनी पडलेला पट्टा, दुसरं काही नाही. सरकारी नकाशावर ती कधी चढलीच नाही. सगळ्यांना ठाऊकच होती, मग लिहून कोण ठेवणार?

आता दुसरा कोणी असता, तर पाहुणे घेऊन सरळ चालू पडला असता. ड्युल्सीबाई पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी टँडीच्या दारात हजर, हातात मार्मलेडची, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याची, बरणी. रेज टँडी म्हणजे अविवाहित, अबोल माणूस. मेंढ्यांशी जेवढा बोलायचा तेवढाही माणसांशी बोलत नसे.

"मिस्टर टँडी, आपल्या कुरणातून पाहुण्यांना नेऊ का? चालेल का आपल्याला?"

टँडीने बरणी उजेडात धरून बघितली. "जा की," म्हणाला. "सगळेच जातात. विचारतं कोण?"

झालं. तेव्हापासून दर हिवाळ्यात, कडू संत्री बाजारात आली आणि मार्मलेडची पहिली खेप उतरली, की पहिली बरणी टँडीची. बाई दरवर्षी विचारायच्या, "यंदाही जाऊ ना?" आणि टँडी दरवर्षी म्हणायचा, "जा." मग चहा. चहाबरोबर अर्धा तास गप्प बसणं. एका वर्षी बाईंना खोकला झाला नि जायला उशीर झाला, तर दारातच म्हातारा म्हणाला, "मला वाटलं, विसरलात." टँडीच्या मानाने ते मोठं भाषणच होतं. बाई घरी येईपर्यंत डोळे पुसत होत्या.

आता सिरिल. सिरिल ग्रिंडल ड्युल्सीबाईंच्या धाकट्या बहिणीचा, नोराचा नवरा. नदीकाठी गावकऱ्यांचे भाजीपाल्याचे वाफे आहेत, त्यात सिरिलचा एक. पोरवयापासून तो नदीवाटेने वाफ्यावर जातो, सोबत कुत्रं. आजवर किती कुत्री झाली कोण जाणे, नाव प्रत्येकाचं मेजर. टँडी कुरणात दिसला, तरी सिरिल मान वर करायचा नाही. ‘सुप्रभात’ नाही, हात हलवणं नाही, काही नाही. ड्युल्सीबाईंचा अगदी जीव जळायचा.

"अरे, ज्याच्या रानातून जातोस त्याला निदान नमस्कार तरी कर!"

"कशाला?" सिरिल म्हणायचा. "त्याचं रान, माझे पाय. नमस्काराचा संबंध काय?"

मध्ये नोरा होती, म्हणून ते निभत होतं. नोराच्या स्वयंपाकघराचं मागचं दार म्हणजे सगळ्या जगातलं एकच दार, जे ड्युल्सीबाई न ठोठावता उघडायच्या. सरळ आत, किटली विस्तवावर, मग ‘नोरा, आहेस का गं?’ सिरिल पेपरामागून हुंकार द्यायचा, तेच स्वागत.

मग नोरा गेली. दफनानंतर सगळे चहाला जमलेले. टँडी आला, सुटाला डांबराच्या गोळ्यांचा वास, केस पाण्याने चापून बसवलेले. सिरिलपुढे जाऊन त्याने हात पुढे केला. सिरिलने त्या हाताकडे बघितलं आणि बाजूने निघून गेला. टँडी तसाच उभा. ड्युल्सीबाईंचा तोल सुटला, आयुष्यात पहिल्यांदा आणि तोही चारचौघांत. "जन्मभर तिने तुला माणसात आणायचा प्रयत्न केला," त्या म्हणाल्या, "फुकट गेला बिचारीचा जन्म! आज तिला तुझी लाजच वाटली असती." सिरिलने टोपी घातली आणि बाहेर पडला. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. ते मागचं दारही बंद. गाव एवढंसं, रोज समोरासमोर यायचं, पण सिरिल एका फुटपाथवर आणि बाई दुसऱ्यावर.

दोन हिवाळ्यांमागे टँडी झोपेतच गेला. कुरण, घर, सगळं लॅथम म्हणून एका शहरी गृहस्थाने घेतलं. माणूस वाईट नव्हे हो. दोन मुली, त्यांची दोन तट्टं. एका रविवारी कुण्या शहाण्याने खालचं फाटक उघडं टाकलं आणि एक तट्टू थेट मोठ्या रस्त्यावर, मालट्रकांच्या मधे. थोडक्यात वाचलं. दुसऱ्या दिवशी लॅथमने पायऱ्यांवर तारा ठोकल्या, फाटकाला कुलूप घातलं आणि पाटी लावली, ‘खासगी’.

ड्युल्सीबाई बरणी घेऊन गेल्या. जाणारच. दारात उभ्या राहून विचारलं, "पाहुण्यांना नेऊ का? फाटक मी स्वतः लावीन."

लॅथम फार अदबीने म्हणाला, "मला खरंच वाईट वाटतं, पण नाही."

"बरं. धन्यवाद हं," बाई म्हणाल्या, बरणी त्याच्या हातात दिली आणि घरी येऊन ओक्साबोक्शी रडल्या. उभा जन्म विचारण्यात गेला, पण उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, हे कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

वाटेवाचून पूल नाही. पुलाला जायला उरला तो मोठा रस्ता, लांबचा फेरा, चालायला कडेला वीतभर जागा नाही. कार्यालयातल्या पोरी म्हणाल्या, "बाई, अशाने फेरी बंद करावी लागेल." त्या गोड बोलल्या, पण अर्थ तोच. गुरुवार हातचा गेला, तर बाकीच्या आठवड्याला धरून ठेवणारं बाईंकडे दुसरं होतं काय? खिडकी आणि रेडिओ. त्या कोणाला बोलल्या नाहीत, पण मनातून हबकल्याच.

तेवढ्यात फिलिपा उगवली. पायवाटा राखणाऱ्यांच्या मंडळातली तरुण बाई, पायांत चिखलाचे बूट, बोलणं धडाधड. म्हणाली, "ड्युल्सीबाई, घाबरायचं नाही! कायदा आपल्या बाजूने आहे. लोक वीस वर्षं उघडउघड, दांडगाई न करता आणि परवानगी न घेता एखाद्या वाटेने गेले, तर ती वाट लोकांची होते. तुम्ही तर दर गुरुवारी डझनावारी माणसं नेलीत. तुमच्यासारखा साक्षीदार शोधून सापडायचा नाही!"

"परवानगी न घेता?" बाईंनी कप खाली ठेवला.

"हो. न विचारता. हक्काने."

"अगं, पण मी विचारत होते. दरवर्षी. मार्मलेड घेऊन."

फिलिपाचं तोंड उघडंच राहिलं. "दरवर्षी?"

"मग काय? दुसऱ्याच्या रानातून न विचारता जायचं? मी काय सिरिल ग्रिंडल आहे?"

फिलिपाने कपाळाला हात लावला. एखाद्याने परवानगी दिली म्हणून आपण गेलो, तर तो त्याचा उपकार, आपला हक्क नव्हे, हे तिने दोन-दोनदा समजावलं. विचारलंत तिथेच चुकलं. बाईंना ते पटेना. चांगलं वागलं म्हणून वाट जाते, हा कुठला कायदा? जाताना फिलिपा हळूच म्हणाली, "खोटं बोलू नका. पण बरणीचं कोणी विचारलं नाही, तर आपणहून सांगूही नका."

फिलिपाच्या मंडळाने वाटेसाठी अर्ज केला आणि सरकारी चौकशी लागली; त्या दिवसापर्यंत बाईंच्या जिवाला चैन नव्हतं. न सांगणं म्हणजे खोटं का? रस्त्यात भेटेल त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारताना मनात तेच. एकदा वाटायचं, कोण विचारतंय बरणीचं? लगेच टँडीचा चेहरा समोर यायचा, बरणी उजेडात धरलेला.

टाऊन हॉलच्या माडीवर चौकशी भरली. सरकारकडून आलेल्या निरीक्षकबाई समोर, लॅथमचा वकील एका बाजूला, फिलिपा दुसऱ्या. गाव झाडून लोटलं होतं. मागच्या भिंतीला टेकून सिरिल उभा, पायाशी मेजर. ड्युल्सीबाईंनी त्याला बघितलं आणि मान वळवली. हा कशाला आला, गंमत बघायला?

बाईंचं नाव पुकारलं. त्या पुढे गेल्या. "बसू का?" त्यांनी विचारलं. निरीक्षकबाई म्हणाल्या, "अवश्य." "कोट काढला तर चालेल ना? इथे जरा उकडतंय." चालेल म्हणाल्या. "आणि हे पाणी... घेऊ का मी?" लोक हसले. वकील हसला नाही. तो चष्म्यावरून बाईंकडे एकटक बघत होता. फिलिपाने डोळे मिटून घेतले.

किती वर्षं, किती माणसं, कुठून कुठे, हे सगळं नीट झालं. मग वकील उठला. आवाज अगदी मऊ.

"मिसेस हॉब्डे, आपण बसायला परवानगी मागितलीत. कोट काढायला मागितलीत. पाणी प्यायलाही मागितलीत. आणि एवढी वर्षं दुसऱ्याच्या जमिनीतून माणसं नेताना आपण कधीच कोणाला विचारलं नाहीत?"

बाईंनी फिलिपाकडे बघितलं. मग हातातल्या पेल्याकडे.

"विचारलं," त्या म्हणाल्या. "दरवर्षी विचारलं."

"आणि मिस्टर टँडी हो म्हणाले?"

"दरवर्षी."

"पहिल्याच वर्षी हो म्हणाले होते, तर मग पुन्हा पुन्हा कशासाठी?"

बाईंना हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. "ते एकटे होते हो," त्या म्हणाल्या. "वर्षातून एकदा तरी कोणी दार ठोठावायला नको का? कारण काढल्याशिवाय कसं जायचं? मग हेच कारण."

वकिलालाही पुढचं बोलणं जड गेलं असावं. पण धंदा तो धंदा. तो म्हणाला, "म्हणजे मिसेस हॉब्डे आणि त्यांच्यामागून गेलेला एकूण एक पाहुणा परवानगीनेच गेला. मला अधिक काही विचारायचं नाही." त्याने कागद आवरले. फिलिपाने खाली बघितलं. बाईंना कळून चुकलं, आपल्याच हाताने आपण वाट घालवली. पेला खाली ठेवून त्या उठायला लागल्या.

निरीक्षकबाईंनी हात वर केला. "एक मिनिट, मिसेस हॉब्डे. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मिस्टर टँडींचे नेमके शब्द आठवतात?"

"आठवतात की. म्हणाले, ‘जा की. सगळेच जातात. विचारतं कोण?’"

"सगळे म्हणजे?"

बाई उत्तराला तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला. "मी!"

शंभर माना वळल्या. सिरिल टोपी न काढता पुढे आला, मागून मेजर. वकिलाने हरकत घेतली. निरीक्षकबाईंनी त्याला थांबवून सिरिलला नाव-गाव विचारलं आणि खुर्ची दाखवली. सिरिल न विचारता बसला आणि न विचारता बाईंच्या पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"आपण त्या वाटेने जाता?" वकील.

"हाफ चड्डीत होतो, तेव्हापासून."

"परवानगी घेतलीत?"

"कोणाची?"

"मिस्टर टँडींची!"

"छट्! माझ्या बापाने नाही घेतली, त्याच्या बापाने नाही घेतली. मी कशाला घेऊ?"

"त्यांनी कधी आपणहून दिली? कधी काही बोलले आपल्याशी?"

सिरिलने विचार केला. "एकदा म्हणाला, ‘आज छान ऊन पडलंय.’"

"मग आपण?"

"मी काहीच म्हणालो नाही. ऊन मलाही दिसत होतं."

माडी हसून कोसळायची बाकी राहिली. निरीक्षकबाईंनीही रुमाल तोंडाशी नेला. सिरिल एकटाच गंभीर. "मी एकटा नाही," तो मागे बोट दाखवत म्हणाला. "हे सगळे वाफ्यांवरचे. बादल्या घेऊन त्याच वाटेने ये-जा. ह्यांतल्या एकालाही रीतभात नाही." आणि मागच्या रांगेतली आठ-दहा माणसं, जन्मात पहिल्यांदाच असं कौतुक झाल्यासारखी, मान ताठ करून उभी राहिली.

चौकशी संपली. गर्दीत बाई सिरिलला शोधत होत्या. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण काहीतरी बोलायचंच होतं. तो केव्हाच निघून गेला होता.

निकाल नाताळच्या सुमारास लागला. ड्युल्सीबाईंची साक्ष प्रामाणिक, पण वाटेच्या हक्काला तिचा उपयोग नाही. वाफ्यांवरच्या मंडळींची साक्ष पुरेशी. नदीवाट लोकांची, नकाशावर चढवावी. फाटक आपोआप मिटेल असं बसवायचं फिलिपाने लॅथमशी बोलून ठरवलं, म्हणजे तट्टांची काळजी मिटली. नव्या वर्षातल्या पहिल्या फेरीला लॅथम स्वतः कुरणात उभा होता, ओशाळा हसत. बाईंनी सवयीने तोंड उघडलं, "मिस्टर लॅथम, खूप खूप धन्य—" आणि फिलिपा अशी काही खोकली की पाहुण्यांतल्या एकाने तिला औषधाची गोळी काढून दिली.

मग कडू संत्री आली. बाईंनी मार्मलेड घातलं. पहिली खेप उतरली, बरण्या भरल्या, चिकटलेले ओघळ पुसले, आणि पहिली बरणी बाजूला ठेवली. ठेवली नि मग हात थबकला. कोणासाठी? टँडी नाही. लॅथमकडे नेली, तर फिलिपा जीव देईल. बरणी दोन दिवस टेबलावर उभी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी कोट चढवला, बरणी उचलली आणि चालू लागल्या. चर्चवरून नाही, खालच्या आळीने. नोराच्या घराशी येऊन त्या मागच्या अंगाला गेल्या. दाराचा रंग उडालेला. नोराच्या कुंडीत आता कांद्याची पात.

ह्या दारावर त्यांनी कधी थाप मारली नव्हती. आज ठोठावलं.

आत मेजर भुंकला. दार उघडलं. सिरिल, मोज्यांवर, हातात पेपर.

"कोण मेलं?" तो म्हणाला.

"कोणी नाही." बाईंनी बरणी पुढे केली. मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, नोराच्या दफनाच्या दिवसाबद्दल, माडीबद्दल. तोंडातून मात्र वेगळंच निघालं. "सिरिल," त्या म्हणाल्या, "आत येऊ का मी?"

सिरिलने बरणी घेतली नाही. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"डोकं फिरलंय का तुझं, ड्युल्सी?" तो ओरडला. "एवढी वर्षं ह्या दारातून न विचारता ये-जा केलीस, आणि आता विचारतेस? तिथे माडीवर एवढं ऐकलंस, काही डोक्यात शिरलं की नाही? विचारलं की हक्क जातो, बाई!"

तो वळला आणि दार सताड उघडं टाकून आत गेला. बाई मागोमाग आत शिरल्या, किटली भरली आणि विस्तवावर ठेवली. खुर्चीतून पेपरामागून हुंकार आला.